रस्सा आधी, वडी मागून

कोल्हापूरकडे मटण करायला घेतलं की आधी त्याला हळद, मीठ आणि आलं-लसणाचं वाटण लावतात, थोड्या तेलावर परततात आणि पाणी घालून मऊ होईपर्यंत शिजवतात. त्यातून निघतो तो अळणी रस्सा. घरातल्या लहानांना आणि आजाऱ्याला वाटीभर अळणी आधी मिळतो. उरलेल्यातून पांढरा रस्सा होतो आणि तांबडाही त्याच पाण्यावर उभा राहतो. ताटात फोडी वाढल्या जाण्याआधीच मटणाचं निम्मं काम झालेलं असतं. हाडांतलं आणि स्नायूंच्या वेष्टनातलं कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं, चरबी सुटून वर येते, आणि रस्सा ओठांना किंचित चिकटू लागतो. आता त्याच पातेल्यात मटणाऐवजी सोयाबीनच्या वड्या घालून त्याच क्रमाने स्वयंपाक केला तर काय होईल? वड्या पाणी पिऊन फुगतात आणि त्या पाण्याला कच्चट वासाशिवाय काही देत नाहीत. मसाला नंतर पडतो तेव्हा त्याला आत शिरायला जागाच उरलेली नसते. जेवणारा पहिल्या घासाला म्हणतो की मटणाची सर नाही, आणि दोष सोयाबीनच्या माथी जातो. चूक मात्र क्रमाची असते. मांस रश्श्याला देतं, सोयाबीन रश्श्याकडून घेतं. एवढा एक फरक लक्षात न घेता केलेला स्वयंपाक फसणारच.

वनस्पतिजन्य मांसाबद्दल आपल्याकडे जे बोललं-लिहिलं जातं ते बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरतं: नक्कल किती हुबेहूब साधली? चिकनसारखं लागतं का, धागे तसेच सुटतात का, डोळे मिटून खाल्लं तर फसगत होईल का? मराठी घराच्या दृष्टीने हा प्रश्न फारसा कामाचा नाही असं माझं ठाम मत आहे. हे पदार्थ आपल्या घरांत टिकतील की नाही ते दोन गोष्टींवर ठरेल. ते मांसाच्या रीतीने शिजवले जातात की वडीच्या, ही पहिली. ते कोणाच्या ताटात आणि कोणत्या वारी वाढले जातात, ही दुसरी. या दोन्हींची उत्तरं आपल्याच स्वयंपाकघरात आहेत, आणि ती बरीच जुनी आहेत.

आधी या वस्तूची ओळख करून घेऊ. चीनमधल्या बौद्ध मठांत गव्हाच्या कणकेतला स्टार्च धुऊन टाकून उरलेल्या चिकट प्रथिनाचे मांसासारखे पदार्थ करण्याची रीत फार जुनी आहे. कारखान्यातला मार्ग अमेरिकेत निघाला. हेन्री फोर्डच्या पदरी सोयाबीनवर संशोधन केलेल्या रॉबर्ट बॉयरने सोयाबीनच्या प्रथिनाचे धागे काढून त्यांपासून अन्न बनवण्याचं पेटंट १९५४ साली मिळवलं. पण ती रीत महाग होती. स्वस्त युक्ती आर्चर डॅनियल्स मिडलँड या धान्यप्रक्रिया कंपनीत सापडली आणि तिचं पेटंट विल्यम अ‍ॅटकिन्सनच्या नावाने १९७० साली निघालं. तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठात पाणी मिसळायचं आणि फिरत्या मळसूत्राने ते उष्णता व दाबाखाली पुढे ढकलत न्यायचं. छिद्रातून बाहेर पडताना दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ फुलून धागेदार, सच्छिद्र बनतं. आपल्याकडे किराणा दुकानात सुट्या मिळणाऱ्या सोया वड्या त्या याच. मध्य प्रदेशात १९६०च्या दशकाच्या अखेरीस सोयाबीनची लागवड वाढू लागली, तेलगिरण्या उभ्या राहिल्या, तेल काढल्यावर उरणाऱ्या पिठाचं काय करायचं हा प्रश्न आला, आणि इंदूरच्या रुची सोयाने 'न्यूट्रेला' हे नाव घरोघरी पोचवलं. म्हणजे ज्याला आज नवं म्हणून मिरवलं जातं त्याचा थोरला भाऊ आपल्या फडताळात चाळीसेक वर्षं बसून आहे.

नवी लाट वेगळी होती. २००९ साली निघालेल्या बियाँड मीटने आणि २०११ साली निघालेल्या इम्पॉसिबल फूड्सने अमेरिकेतल्या मांसाहारी माणसाला त्याचा बर्गर सोडायला न लावता बर्गरमधलं गोमांस बदलायचं ठरवलं. इम्पॉसिबलने सोयाबीनच्या मुळांत असणारं, रक्तातल्या हिमोग्लोबिनशी नातं सांगणारं प्रथिन यीस्टकडून तयार करून घेतलं आणि टिक्कीला रक्ताचा रंग व मांसाचा वास दिला. विज्ञान म्हणून ही कामगिरी मोठी आहे, यात शंका नाही. बाजाराने मात्र फार काळ साथ दिली नाही. बियाँड मीटचा शेअर मे २०१९ मध्ये २५ डॉलरला विक्रीस आला, जुलैत २३० डॉलरच्या वर गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एका डॉलरच्याही खाली उतरला. लोकांनी एकदा चाखून पाहिलं, पण पुन्हा पुन्हा विकत घेतलं नाही. किंमत मांसाहून जास्त आणि चव मांसाच्या जवळपास, एवढ्यावर कोणाची रोजची सवय बदलत नाही. भारतातही २०२० नंतर अशी नावं एकामागून एक आली. उदयपूरची गुडडॉट त्याआधीपासून होती. २०२१ साली रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी इमॅजिन मीट्स सुरू केली. विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी ब्लू ट्राइबमध्ये, महेंद्रसिंग धोनीने शाका हॅरीमध्ये पैसा घातला. टाटा आणि आयटीसीही उतरले. या कंपन्यांची बहुतेक पाकिटं पाहिली तर आत नगेट, सीख कबाब, बर्गरची टिक्की, सॉसेज, मोमो असतात. सगळी फ्रीझरमधली, तळून किंवा भाजून चटणीबरोबर खायची. मराठी घरात मांस म्हणजे मुख्यतः रस्सा, सुकं, खिमा आणि बिर्याणी. त्या पातेल्यात पडेल असं या पाकिटांत फार थोडं आहे. अनेकांनी ती एकदा आणली आणि पाहुणचारासारखी संपवली, याचं आश्चर्य वाटायला नको.

आता आपल्या बाजूला काय आहे ते पाहू. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या पट्ट्यात मासवडी होते. शिजवलेल्या बेसनाच्या पोळीत भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, खसखस यांचं सारण भरून तिची वळकटी करतात आणि कापतात. तिचा छेद माशाच्या तुकडीची आठवण करून देतो, नावही तेच सांगतं, आणि सोबत असतो झणझणीत काळा रस्सा. तिला मासळीचा वास नसतो आणि तो असावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. विदर्भात आणि खान्देशात पाटवडी किंवा पातोडीचा रस्सा असतो. नागपूरच्या सावजी खानावळीत ज्या तोलाचा मसाला मटणाला पडतो त्याच तोलाचा पातोडीला पडतो. कोकण-गोव्यात नीरफणस, सुरण, वांगी, कच्ची केळी यांचे काप तिखट-मीठ-हळद आणि आगळ लावून, रव्यात घोळवून, तव्यावर कुरकुरीत परततात. हे सगळं मासळी तळण्याच्याच रीतीने होतं, आणि सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणाऱ्या गोव्याच्या घरात शेजारच्या वाटीत अळसांद्यांचं तोणाक असलं की जेवणात काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. या पदार्थांनी मांसाकडून मसाला, पद्धत आणि ताटातली मानाची जागा घेतली. मांसाचं शरीर उसनं घेतलं नाही. म्हणूनच ते टिकले. आणि यातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ वेगळा तयार होतो आणि रस्सा वेगळा. वडी रश्श्यात उकळत ठेवली तर विरघळते, म्हणून ती ताटात ठेवून वर रस्सा ओततात, किंवा शेवटच्या मिनिटाला सोडतात.

याहून महत्त्वाची एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. आपल्या मांसाहारी स्वयंपाकातही मांस फार मोठ्या प्रमाणात कधीच नव्हतं. मराठवाड्यातल्या दालच्यात डाळ आणि दुधीभोपळा भरपूर असतो, मटण बेताचं. वालाच्या बिरड्यात मूठभर सोडे पडतात आणि वाटीभर वाल सोड्यांचे होऊन जातात. वांग्यात सुकट, अंबाडीत जवळा, मटणात बटाटा, खिम्यात मटार ही सगळी तीच रीत आहे: प्राण्याची चव थोडी, वनस्पतीचा ऐवज मोठा. यामागे दारिद्र्य होतं आणि शहाणपणही होतं. दहा माणसांच्या घरात पाव किलो मटण पुरवायचं तर रस्सा चांगला व्हावाच लागतो. म्हणून मराठी मसाल्यांची सगळी ताकद रश्श्यात एकवटली आहे. कांदा-लसूण मसाला, मालवणी मसाला, आगरी मसाला, खान्देशी काळा मसाला, मराठवाड्यातला येसर हे सगळे कमी मांसात जास्त चव आणतात. ज्या स्वयंपाकात मांस हे मुख्यतः रश्श्याचं निमित्तकारण असतं, तिथे मांसाचा पर्याय बसवणं अमेरिकी बर्गरपेक्षा कितीतरी सोपं असायला हवं.

ते प्रत्यक्षात कसं बसवायचं, इथे थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण सगळं यश तपशिलात आहे. सोया वडीचा तो उग्र वास सोयाबीनमधल्या स्निग्धांशावर एका विकराची क्रिया होऊन तयार होतो आणि प्रथिनाला चिकटून राहतो. तो घालवायचा तर वड्या मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवायच्या, ते पाणी फेकून द्यायचं, थंड पाण्याखाली दोन-तीनदा धुवायच्या आणि प्रत्येक वेळी तळहातांत दाबून घट्ट पिळायच्या. ओल्या स्पंजने सांडलेलं पाणी टिपलं जात नाही, तसंच न पिळलेल्या वडीत मसाला उतरत नाही. पिळलेल्या वड्यांना दही, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ लावून अर्धा तास ठेवावं. दह्याच्या आंबटपणाने उरलेला वास दबतो. मग बऱ्यापैकी तेलावर त्या कडा तांबूस होईपर्यंत परताव्यात, कारण मांसाला जी भाजल्याची चव येते ती प्रथिन आणि साखर कोरड्या उष्णतेत एकत्र आल्याने येते, आणि ओल्या पातेल्यात ती येत नाही. इथे एक गोष्ट विसरून चालत नाही. या वडीतलं तेल आधीच काढून घेतलेलं असतं. तिच्यात स्निग्धांश जेमतेम एक टक्का. मटणाची चरबी मसाल्याला जे वाहून नेते ते इथे बाहेरून द्यावं लागतं, कारण लवंग, दालचिनी, दगडफूल, जायपत्री यांचा सुगंध पाण्यापेक्षा तेलात जास्त विरघळतो. सुदैवाने आपल्या वाटणात खोबरं, तीळ, खसखस, शेंगदाणे असतातच. सुकं खोबरं आणि उभा चिरलेला कांदा अगदी काळपट होण्याच्या सीमेवर भाजून वाटला की कांद्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे रश्श्याला मांसाच्या जवळचा वास येतो. दगडफुलाचा धुरकट, मातकट गंध त्याला जोड देतो. जिलेटिनचा दाटपणा कशातूनच पुरता येत नाही, पण येसर किंवा चमचाभर भाजलेलं बेसन रश्श्याला अंग देतं. हा रस्सा स्वतंत्रपणे शिजवून, तेल सुटेपर्यंत आटवून, चव पूर्ण झाल्यावर त्यात परतलेल्या वड्या सोडायच्या आणि झाकण घालून दहा मिनिटं ठेवायच्या. तासाभराने हा रस्सा आणखी चांगला लागतो, दुसऱ्या दिवशी त्याहून.

खिम्याच्या बाबतीत काम आणखी सोपं आहे. सोयाचे बारीक दाणे मिळतात. त्यांच्याकडून धाग्यांची अपेक्षा नसते, ते लहान असल्याने मसाला आतपर्यंत शोषतात, आणि खिमा-पावाच्या खिम्यात तसंही आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर यांचं राज्य असतं. याहून चांगला मार्ग निम्म्या-निम्म्याचा. मटणाचा खिमा आधी परतायला घ्यावा, त्याची चरबी आणि रस सुटला की भिजवून पिळलेले सोया दाणे घालावेत. खिमा जे सोडतो तेच दाणे शोषून घेतात. एरवी पातेल्याच्या तळाशी जाणारी चव घासात येते आणि मटण निम्म्यावर येतं. शामी कबाबात हरभऱ्याची डाळ खिम्याबरोबर शिजवतात त्यामागे हेच तत्त्व आहे. शुद्ध पर्यायाचा आग्रह धरणाऱ्यांना ही तडजोड वाटेल. पण घरातलं मांस खरोखर कमी व्हावं अशी इच्छा असेल तर एका घराने एकदा सगळं बदलण्यापेक्षा शंभर घरांनी कायमचं निम्मं बदलणं जास्त परिणाम करतं.

सगळे पर्याय मात्र एका मापाने मोजता येत नाहीत. कच्च्या फणसाची कुयरी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या भाजीत शिजते आहे, आणि परदेशात तिला 'ओढून काढलेल्या मांसा'ची जागा मिळाल्यापासून तिच्याकडे नव्याने पाहिलं जातंय. तिचे धागे सुंदर सुटतात, मसाला ती मनापासून घेते, बिर्याणीत तर ती फार चांगली लागते. पण शंभर ग्रॅम कुयरीत प्रथिन दोन-तीन ग्रॅमच असतं. अळंब्यांतही साधारण तेवढंच. ती रश्श्याला चव मात्र भरपूर देतात, आणि हा गुण सोयाबीनमध्ये नाही. मांसाऐवजी फणस खाणाऱ्याने सोबत उसळ किंवा आमटी घ्यायलाच हवी. उलट कोरड्या सोया वडीत शंभर ग्रॅमला सुमारे ५२ ग्रॅम प्रथिन असतं. हा आकडा पाकिटावर ठळक छापतात आणि चिकनच्या वीस-बावीस ग्रॅमशेजारी ठेवतात. ही तुलना फसवी आहे, कारण कोरडी वडी कोणी खात नाही. भिजल्यावर तिचं वजन तिपटीच्या आसपास जातं, म्हणजे शिजलेल्या वडीत शंभर ग्रॅमला सतरा-अठरा ग्रॅम प्रथिन उरतं. तेही थोडं नाही. शंभर ग्रॅम कोरड्या वडीत चार माणसांच्या घराला माणशी तेरा ग्रॅम प्रथिन मिळतं, तेवढ्यासाठी बिनहाडाचं मटण पाव किलोहून जास्त लागेल. वडीला वीस-पंचवीस रुपये पडतात. तेवढ्या मटणाचा भाव वाचकाला माहीत आहे. गोठवलेली नवी पाकिटं मात्र मटणाच्या भावाच्या आसपास घुटमळतात आणि चिकनच्या कितीतरी वर असतात.

मग हे खाणार कोण? शाकाहारी घरांना याची गरज नाही, आणि मांसाच्या नकलेने त्यांना बहुतेकदा शिसारीच येते. ती शिसारी मी खरी मानतो, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. २०१४च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे ४० टक्के लोक शाकाहारी आढळले. उरलेल्या साठ टक्क्यांकडे पाहायला हवं. हे साठ टक्के रोज मांस खात नाहीत. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मध्ये संकष्टी, एकादशी. आषाढी अमावास्येला गटारी झाली की श्रावण, मग गणपती, नवरात्र, पुढे मार्गशीर्षातले गुरुवार. एकाच घरात बाप बुधवारी खातो, आई गुरुवारसकट आठवड्याचे चार दिवस पाळते, आजी माळकरी असते. एवढा वर्ज्य दिवसांचा पसारा आणि एवढी झणझणीत जिभेची ओढ एकाच घरात नांदते आहे. वनस्पतिजन्य मांसाचा खरा गिऱ्हाईक तिथे आहे. चातुर्मासात कांदा-लसूणही सोडणाऱ्या घरात अर्थात हा प्रश्नच उद्भवत नाही.

यावर एक चांगला आक्षेप येतो. वार पाळायचा तो मन आवरण्यासाठी, मग त्या दिवशी मांसाची नक्कल खाल्ली तर पाळलं काय? आक्षेप गंभीर आहे, आणि रक्तासारखा रंग गाळणारी टिक्की गुरुवारच्या ताटात ठेवली तर मीही तो मान्य करीन. पण मासवडी याच घरांत याच दिवशी होते आणि तिने व्रत मोडलं असं कोणी म्हणत नाही. मसाला आणि रस्सा कोणाच्या मालकीचा नाही. नक्कल जितकी हुबेहूब तितका हा आक्षेप जोर धरतो, आणि पदार्थ जितका वडीच्या जवळ जातो तितका तो मावळतो. म्हणजे हुबेहूबपणामागे लागलेल्या कंपन्या आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकालाच दूर लोटत आहेत.

दुसरा आक्षेप डाळीचा. तूर, हरभरा, मटकी, चवळी, वाल असताना कारखान्यातून निघालेलं पीठ कशाला? रोजच्या प्रथिनासाठी खरोखरच नको. उसळ आणि आमटी यांच्या जागी सोया वडी यावी असं मी मुळीच म्हणत नाही. पण दात रोवून चावण्याचं जे सुख मांसात असतं ते आमटीत नसतं. माणूस मांस प्रथिनासाठी क्वचितच खातो, या सुखासाठी खातो, आणि ते नाकारून आहार बदलत नाहीत. प्रक्रियेचा मुद्दा मात्र फोड करून पाहायला हवा. गोठवलेल्या नगेटमध्ये प्रथिनाबरोबर तेल, स्टार्च, घट्टपणा आणणारी द्रव्यं, कृत्रिम स्वाद आणि भरपूर मीठ असतं. सोया वडीत सहसा एकच घटक असतो, तेल काढलेलं सोयाबीनचं पीठ. तीही कारखान्यातूनच येते, पण दोघींना एका पारड्यात टाकणं अन्याय्य आहे. स्टॅनफर्डमध्ये ३६ प्रौढांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवडे मांसाऐवजी अशी उत्पादनं खाल्ल्यावर वाईट कोलेस्टेरॉल कमी झालेलं दिसलं. त्या चाचणीला पैसा बियाँड मीटने दिला होता हे लक्षात ठेवूनच तिच्याकडे पाहावं. सोयाबीनने पुरुषांत बायकी संप्रेरकं वाढतात ही भीती गावोगाव ऐकू येते. पुरुषांवरच्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण २०१० साली आणि पुन्हा २०२१ साली झालं, दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉनवर परिणाम आढळला नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र ती आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवावं, कारण गोळीच्या शोषणात अडथळा येतो. आणि बी-१२ जीवनसत्त्व यात मुळातच नसतं. मांस, अंडी, दूध पूर्ण सोडणाऱ्याला ते वेगळं घ्यावंच लागेल.

याहून अवघड आक्षेप राजकारणाचा आहे. महाराष्ट्रात २०१५ साली बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि ज्यांच्या घरात बैलाचं मांस सर्वांत स्वस्त होतं त्यांच्या ताटातून ते काढून घेतलं गेलं. त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांत मांसाचा प्रत्येक भाग कसा शिजत होता, उन्हात वाळवलेल्या चान्या कशा साठवल्या जात होत्या, हे त्यात जवळून वाचायला मिळतं. अशा समाजात 'वनस्पतिजन्य मांस खा' हा सल्ला ऐकणाऱ्याला त्यात जुना शाकाहारी दंडकच दिसला तर चूक त्याची नाही. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं दिलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. सोया वडीचं कारण पुढे करून कोणी मुलांच्या ताटातलं अंडं काढणार असेल तर मी सोया वडीच्या विरुद्ध उभा राहीन. पर्याय हा ज्याच्या त्याने आपल्या मर्जीने निवडायचा असतो, आणि निवड करायला मूळ वस्तू समोर असावी लागते. शेळी राखणाऱ्या भूमिहीन बाईचा आणि धनगराचा प्रश्नही खरा आहे, पण माळरानावर चरणारी शेळी सोया वडीने बेरोजगार होणार नाही. रविवारच्या मटणाला, नळीला, हाडातल्या रसाला वनस्पतीत तोड नाही, आणि तिथे स्पर्धा करण्याच्या भानगडीत पर्यायाने पडूच नये.

स्पर्धा असलीच तर ती ब्रॉयलर कोंबडीशी, आणि कोंबडीच्या खाद्यामुळे तिथे लातूरचा विषय येतो. सोयाबीन पिकवण्यात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र हीच दोन राज्यं आघाडीवर आहेत, आणि लातूरच्या बाजार समितीतल्या भावाकडे मराठवाडा-विदर्भाचे डोळे लागलेले असतात. २०२४-२५चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, बाजारात भाव त्याखाली रेंगाळला, आणि त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत सोयाबीन प्रचाराचा मुद्दा झालं. या सोयाबीनमधलं प्रथिन थेट माणसाच्या ताटात जवळपास येतच नाही. तेल निघतं आणि उरलेली पेंड कोंबडीखाद्यात किंवा निर्यातीत जाते. कोंबडी त्या प्रथिनाचं मांस करते, पण दिलेल्या प्रथिनातलं निम्म्याहून कमीच खाण्याजोग्या रूपात परत मिळतं. २०२१ साली पेंड महागली तेव्हा कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून सरकारने जनुक बदललेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करू दिली. शेतकऱ्याचा भाव पाडायला ती पुरेशी ठरली अशी त्या वेळी मराठवाड्यात तक्रार होती. पेंडीचा एक भाग खाण्यायोग्य पीठ आणि वडी होऊन थेट माणसापर्यंत गेला, तर निदान या पिकाला कोंबडीशिवाय दुसरा गिऱ्हाईक उभा राहील.

त्यासाठी कारखानदारांनी करण्यासारखी कामं साधी आहेत. आजची वडी तेवीस प्रकारच्या स्वादांत नको, तिला स्वादच नको. तिचा वास कारखान्यातच काढून टाकावा, जेणेकरून घरी तीनदा पिळत बसावं लागणार नाही. गोल गोळ्याऐवजी लांब धाग्यांची, सुक्या मटणाच्या फोडीएवढी, कोरडी, फ्रीझरशिवाय सहा महिने टिकणारी वडी करावी आणि ती किराणा दुकानात किलोवर मिळावी. दाब आणि थंड करण्याची रीत बदलून असे लांब धागे काढता येतात, हे तंत्र आता नवं राहिलेलं नाही. पाकिटाच्या मागे रश्श्याची कृती छापावी, आणि त्या कृतीत वडी शेवटी घालायला सांगावी. प्रथिनाचा आकडा भिजवलेल्या वडीचा द्यावा. आणि हे लातूर, वाशीम, अमरावतीच्या पट्ट्यात, तेलगिरणीच्या शेजारी व्हावं, म्हणजे पेंड इंदूरला जाऊन वडी होऊन परत येण्याचा वाहतूकखर्च भावातून वजा होईल.